कुणी विचारलं होतं तिला?

आज आम्ही तुम्हाला इतिहास सांगणार आहोत, पण गडकिल्ल्यांचा नव्हे. आपल्या वाडीत जिला कुणी ‘भोळी’ म्हणतं, कुणी ‘अर्धी’ म्हणतं, सरकारी कागदावर जिला कालपरवापर्यंत ‘मतिमंद’ लिहायचे आणि आता ‘बौद्धिक दिव्यांग’ लिहितात, तिचा हा इतिहास. तसाच त्याचाही. शिकायला, हिशोब करायला, नवी गोष्ट समजायला ज्यांना लहानपणापासूनच जास्त वेळ लागतो, अशी ही माणसं. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशा सुमारे १५ लाख लोकांची नोंद झाली. नोंद न झालेली किती असतील, ते आपापल्या गल्लीकडे बघून तुम्हीच ठरवा.

आज लहान मुलांबद्दल बोलायचं नाही. पोर शाळेत असतं तोवर गुरुजी, अंगणवाडीताई, कुणी ना कुणी विचारतं. तेच पंचवीस वर्षांचं झालं की घरात ‘बाळ’च राहतं आणि बाहेरच्यांच्या नजरेतून हळूच निसटतं. अशा वयात आलेल्या माणसाला छळापासून, लुबाडणुकीपासून जपायचं कसं, आणि जपताना त्याचं स्वतःचं म्हणणं कुठं जातं, हे आज बघू.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. १९९४ चा फेब्रुवारी महिना. पुणे जिल्ह्यात शिरूरला मतिमंद मुलींसाठी एक शासकीय गृह होतं. तिथल्या काही मुलींना आणि बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं आणि त्यांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्या. दहाहून अधिक जणींच्या. कारण सांगितलं गेलं ते असं की, यांना पाळी सांभाळता येत नाही, स्वच्छता राहत नाही, सांभाळणाऱ्यांचे हाल होतात. बाहेर चर्चा पेटली तेव्हा दुसरंही एक कारण लोक बोलून दाखवू लागले, की कुणी जबरदस्ती केली तर निदान दिवस तरी राहणार नाहीत.

पिशवी काढणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला होता. कंबर कशी धरते, हातपाय कसे गळतात, अंगावरचं काम कसं सुटत नाही, हे आपल्यातल्या कितीतरी जणी सांगू शकतात. शिरूरच्या मुलींना तेही सांगायची सोय नव्हती.

पुण्या-मुंबईतल्या महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि सरकारला पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. पण त्या वेळी शस्त्रक्रियेच्या बाजूनं बोलणारेही थोडे नव्हते, आणि ते काही राक्षस नव्हते. डॉक्टर होते, थकलेले आईबाप होते. लेकीचं कपडे-पाणी वीस वर्षं एकटीनं करणाऱ्या आईला नावं ठेवायला आमची जीभ रेटत नाही. तरी एक प्रश्न उरतोच. पिशवी काढली म्हणून जबरदस्ती थांबते का? थांबत नाही. फक्त तिचा पुरावा दिसायचा बंद होतो. आणि पाळीची अडचण होती तर फडकं कसं घ्यायचं, कुठं वाळवायचं, हे पुन्हा पुन्हा शिकवायला बाई नेमणं स्वस्त होतं की पोट फाडणं? हा सगळा खटाटोप त्यांच्या ‘संरक्षणासाठी’ चालला होता. त्या दहाबारा जणींना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. अमेरिकेत ओरेगन नावाचं राज्य आहे. तिथं सेलम या गावी १९०८ साली फेअरव्ह्यू नावाची मोठी संस्था निघाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना घरातून उचलून तिथं ठेवायचे. काही जण लहानपणी आत गेले आणि म्हातारे होऊन बाहेर आले. त्या राज्यात १९१७ साली एक कायदा झाला आणि सरकारी मंडळाच्या हुकमानं अशा माणसांची नसबंदी सुरू झाली. पुरुषांची आणि बायकांचीही. फेअरव्ह्यूतून घरी जायचं असेल तर आधी ऑपरेशन, असा तिथला रिवाज पडला होता. २,६०० हून जास्त माणसांवर असं ऑपरेशन झालं. आता त्या मंडळाचं नाव ऐका. १९६७ साली त्याचं जुनं नाव बदलून नवं ठेवलं गेलं, ‘सामाजिक संरक्षण मंडळ’. १९८३ पर्यंत ते चालू होतं. २००२ च्या डिसेंबरात राज्याचे गव्हर्नर जॉन किट्झहाबर यांनी सरकारच्या वतीनं जाहीर माफी मागितली. तोवर ज्यांची माफी मागायची त्यातले कितीतरी जण जग सोडून गेले होते.

पण याच सेलम गावात या गोष्टीला वळण लागलं, म्हणून तर आम्ही तुम्हाला एवढ्या लांब घेऊन आलो.

त्याआधी थोडं स्वीडनमध्ये डोकावू. १९६०-७० च्या काळात तिथल्या पालकांच्या संघटनेत बेंग्ट निर्ये नावाचे गृहस्थ काम करत. त्यांनी साधी गोष्ट मांडली : या माणसांचा दिवस, आठवडा, वर्ष, हे सगळं चारचौघांसारखं असलं पाहिजे. सकाळी उठून कामाला जाणं, सुट्टीच्या दिवशी फिरणं, आपल्या आवडीचं खाणं. त्यासाठी तरुणांचे क्लब निघाले, आणि त्या क्लबांत त्यांना बैठक चालवायला शिकवलं गेलं. अध्यक्ष कसा निवडायचा, एकानं बोलताना दुसऱ्यानं कसं थांबायचं, हात वर करून मत कसं द्यायचं. तुम्हाला हसू आलं असेल. आपल्या बचत गटाच्या पहिल्या सहा महिन्यांत आपण दुसरं काय केलं होतं?

मे १९७० मध्ये माल्मो या शहरात त्यांची देशपातळीवरची परिषद भरली. २४ जिल्ह्यांतून ५० प्रतिनिधी आले, सगळे बौद्धिक अक्षमता असलेले. त्यांनी आपल्या मागण्या मांडल्या. सहलीला कुठं जायचं ते आम्ही ठरवणार. गावात फिरायला नेताना मोठ्या कळपानं नेऊ नका, लोक बघत राहतात. कामाचे पैसे नीट द्या. लहान मुलांसारखं वागवू नका. यात चंद्र-सूर्य मागितलेले नाहीत. पण त्यांच्या सांभाळणाऱ्यांपैकी कुणाला कळपाच्या गोष्टीची लाज वाटते हे तोवर सुचलंही नसेल.

ही कल्पना समुद्र ओलांडून गेली. १९७३ च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अशीच एक परिषद झाली. ओरेगनची काही मंडळी तिथं गेली, त्यात फेअरव्ह्यूत राहिलेलेही होते. त्यांना ती परिषद फारशी पटली नाही, कारण तिथं जास्त बोलत होते ते साहेब लोक. परत आल्यावर त्यांनी ठरवलं की आपण आपली भरवू. ८ जानेवारी १९७४ ला सेलमला पहिली बैठक झाली. गटाला नाव काय द्यायचं यावर बोलणं चाललं असताना त्यांच्यातलाच एक जण म्हणाला की, मतिमंद म्हणवून घ्यायचा कंटाळा आलाय, आम्ही आधी माणूस आहोत. तेच नाव ठरलं. इंग्रजीत ‘पीपल फर्स्ट’, आपल्या भाषेत ‘आधी माणूस’. त्याच वर्षी ऑक्टोबरात समुद्रकाठच्या एका ठिकाणी त्यांनी अधिवेशन भरवलं, आणि ५६० माणसं जमली.

या गटांचा एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. मदतीला धडधाकट माणूस असायचा, सल्लागार म्हणून. पण त्यानं सभासदांच्या वतीनं ठरवायचं नाही. गाडीची सोय बघायची, कागद वाचून दाखवायचा, भांडण वाढलं तर शांत करायचं, आणि निर्णयाच्या वेळी गप्प बसायचं. गप्प बसणं किती अवघड असतं हे आमच्यासारख्या समन्वयक बायकांना पक्कं माहीत आहे. बैठकीत कुणी अडखळलं की आमच्या तोंडून तिचं वाक्य पुरं होतंच.

१९८४ साली अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात अशा गटांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. इंग्लंडहून काही जण गेले होते. परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये ‘पीपल फर्स्ट’ सुरू केलं. लेबलं बरण्यांना लावा, माणसांना नको, ही त्यांची घोषणा. पुढे इंग्लंडभर असे शेकडो छोटे गट निघाले. चहा, बिस्किटं, आठवड्याची बैठक. आणि या बैठकांतूनच हळूहळू एकेक दुखरी गोष्ट बाहेर यायला लागली. बसमध्ये पोरं थुंकतात. वसतिगृहातला माणूस मारतो. मित्र म्हणवणारा दर पगाराला उसने नेतो आणि परत देत नाही.

इथं या इतिहासातला सगळ्यात अवघड भाग येतो, म्हणून आम्ही जरा थांबून सांगतो.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात चाळिशीकडे आलेला एक माणूस एका छोट्या खोलीत एकटा राहायचा. त्याला बौद्धिक अक्षमता होती. आठवड्यातून एकदा सरकारी मदतनीस येऊन त्याला हिशोब, सामान यात मदत करायची. २००५ साली त्यानं सांगितलं की मला आता ही मदत नको. विभागानं त्याची ‘इच्छा’ म्हणून ती बंद केली. का नको, हे कुणी नीट विचारलं नाही. त्याच सुमारास काही जण त्याचे मित्र झाले होते. एकटेपणात मिळालेले मित्र. ते त्याच्या खोलीत येऊन राहिले, त्याचे पैसे घेऊ लागले, त्याला कुत्र्यासारखं वागवू लागले. त्यानं स्वतः अनेकदा पोलिसांना फोन केले होते. प्रत्येक फोन सुटासुटा बघितला गेला. २००६ च्या जुलैमध्ये त्या लोकांनी त्याचा अतोनात छळ केला, आणि रेल्वेच्या उंच पुलावरून पडून तो मेला. खुनाचा खटला चालला, शिक्षा झाल्या. नंतरच्या चौकशीत दिसलं की पोलीस, दवाखाना, घरकुल विभाग, समाजकल्याण, प्रत्येकाकडे थोडं थोडं माहीत होतं. कुणी एकत्र बसलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मघाशी तर तुम्ही विचारा, विचारा म्हणत होता. इथं विचारलं, त्यानं ‘नको’ म्हटलं, आणि झालं काय? मैत्रिणींनो, हीच मेख आहे. एकदा विचारून हात झटकणं हेही विचारणं नव्हे. आपल्या गटातली बाई तीन बैठका आली नाही आणि तिनं निरोप पाठवला की मला गट नको, तर आपण नाव खोडून मोकळ्या होतो का? कुणीतरी तिच्या उंबऱ्यापर्यंत जातंच. दारात नवरा उभा असेल तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गाठतो. त्या माणसाच्या उंबऱ्यापर्यंत जाणारं कुणी उरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट ब्रिस्टल शहराजवळची. विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांना तिथं ठेवायचे आणि एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड घ्यायचे. आत मारहाण, गार पाण्याचा मारा, जमिनीवर दाबून धरणं चालायचं. तिथल्याच एका नर्सनं वर तक्रार केली, देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही कळवलं, पण काही हललं नाही. शेवटी ३१ मे २०११ ला बीबीसीनं छुप्या कॅमेऱ्यानं घेतलेलं चित्रण दाखवलं. ११ कर्मचाऱ्यांवर गुन्हे शाबीत झाले, सहा जण तुरुंगात गेले. तिथं ठेवलेल्यांपैकी काहींनी आधी सांगितलं होतं की आम्हाला मारतात. पण यांच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा, म्हणून ते सोडून दिलं गेलं होतं. पोरीनं सांगितलं तरी ‘तिला काय कळतंय’ म्हणून सोडून देण्याची सवय सातासमुद्रापलीकडेही आहे तर.

या घटनांच्या आगेमागे इंग्लंडमधले कायदे बदलत गेले. २००५ साली कायदा झाला, त्यात मोठ्या माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो असं आधी धरून चालायचं, आणि घेता येत नाही असं म्हणणाऱ्यानं ते दाखवून द्यायचं, असं आलं. निर्णय आम्हाला शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून त्याला समज नाही असं ठरवता येत नाही. २०१४ साली काळजी आणि संरक्षणाचा मोठा कायदा झाला. आणि गटांनी आपल्या परीनं कामं केली. छळ म्हणजे काय, याची चित्रांची पुस्तकं काढली. काही गावांत दुकानांच्या काचेवर एक खूण चिकटवलेली असते. रस्त्यात कुणी त्रास दिला, वाट चुकली, तर त्या दुकानात शिरायचं. दुकानदार बसवून घेतो, घरी फोन लावतो. आम्हाला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडे चौकातला किराणावाला, पिठाची गिरणी, आशाताईचं घर, अशी तीन ठिकाणं ठरवायला सरकारी योजना लागत नाही.

आता आपल्या देशात परत येऊ. शिरूरनंतर इथंही पाणी वाहत राहिलं. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला, त्यातून जिल्हा पातळीवर पालकत्व देणारी समिती आली. २००७ साली भारतानं संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. पण शिरूरच्या प्रश्नाचं उत्तर खऱ्या अर्थानं २००९ साली एका मुलीमुळे मिळालं.

चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहात राहणारी, आईबाप नसलेली, विशीतली मुलगी. सौम्य बौद्धिक अक्षमता. आश्रयगृहातच तिच्यावर बलात्कार झाला आणि दिवस गेले. प्रशासन न्यायालयात गेलं, आणि उच्च न्यायालयानं गर्भपाताचा हुकूम दिला. तिच्या भल्यासाठीच. पण तिला विचारलं तेव्हा ती म्हणत होती की मला मूल हवं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं गर्भपात थांबवला आणि सांगितलं की बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे, वयात आलेल्या बाईच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही. तिला पुढे आधार लागेल, तर तो द्यायची व्यवस्था करा. या निकालावर आमच्या बैठकीत दोन तट पडले. निम्म्या जणी म्हणाल्या, पोर कोण सांभाळणार? प्रश्न खरा आहे. पण सांभाळायला कोण, हा प्रश्न आपल्या कितीतरी सुनांच्या बाबतीतही खरा असतो, तेव्हा आपण ऑपरेशनचा हुकूम काढत नाही.

मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यातली चार-पाच कलमं प्रत्येक गटाच्या दप्तरात असावीत असं आम्हाला वाटतं. कलम १० सांगतं की समजावून सांगून मोकळेपणी दिलेली संमती असल्याशिवाय कुणाही दिव्यांग व्यक्तीवर मूल न होण्याची शस्त्रक्रिया करता येणार नाही. कलम १३ सांगतं की तिला मालमत्ता बाळगायचा, पैशाचा व्यवहार बघायचा हक्क बाकीच्यांसारखाच आहे. आणि मदत करणाऱ्याचाच एखाद्या व्यवहारात स्वार्थ असेल, तर त्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. हे वाक्य पुन्हा वाचा. जमिनीच्या कागदावर बहिणीचा अंगठा घेणारा भाऊ त्याच जमिनीचा वाटेकरी असेल, तर कायद्यानं तो तिचा मदतनीस उरत नाही. कलम १४ प्रमाणे पालक नेमावा लागलाच तर तो ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता, आणि तिच्याशी बोलून, तिची इच्छा बघून निर्णय घेणारा.

आणि कलम ७. दिव्यांग व्यक्तीवर कुठंही छळ, मारहाण, लुबाडणूक होत असेल, किंवा होणार असं वाटत असेल, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. आपल्या तालुक्याला म्हणजे तहसीलदार. दंडाधिकारी तिची सुटका करू शकतात, आणि तिला सुरक्षित जागी ठेवू शकतात, पण कायद्याचे शब्द असे आहेत की तिची तशी इच्छा असेल तर. शिरूरपासून इथवर यायला २२ वर्षं लागली.

मारहाण, चारचौघांत मुद्दाम अपमान, आपल्या ताब्यातल्या दिव्यांग बाईचा लैंगिक गैरफायदा, यासाठी कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. बलात्काराचा कायदा वेगळा, तो तर लागतोच. २०१३ पासून अशा गुन्ह्यात दिव्यांग बाईला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी येऊन, तिची भाषा समजणारी व्यक्ती किंवा विशेष शिक्षक सोबत घेऊन तक्रार लिहायची, आणि त्याचं चित्रीकरण करायचं. वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. तातडीला ११२, आणि बाईमाणसासाठी १८१.

पण कायदा तिथं, आणि ती चुलीपाशी. मध्ये कोण? आमचं उत्तर गट हेच आहे. उमेदच्या नियमात दिव्यांगांच्या गटाला दहा सभासदांची अट नाही, पाच जणांतही गट बसतो, आणि त्यात बाया-बापे एकत्र चालतात. आमच्या प्रभागात असा एक गट दोन वर्षांपासून बसतो. सात जण आहेत, त्यात चौघांना बौद्धिक अक्षमता. सुरुवातीला सगळ्यांच्या आया यायच्या आणि आयाच बोलायच्या. मग ठरलं की पहिला अर्धा तास आयांनी बाहेर ओट्यावर बसायचं. दोघी रुसल्या होत्या, आता बाहेर चांगल्या रमतात.

गट काढला म्हणजे आपोआप सगळे सुरक्षित झाले असं नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. जिथं विश्वास ठेवणारी माणसं जमतात तिथं विश्वासाचा व्यापार करणारेही येतात. म्हणून आमच्यात काही रीती पडल्या आहेत. गटाचा मदतनीस कुठल्याही सभासदाला एकट्याला घेऊन बँकेत किंवा तालुक्याला जात नाही, दोघं जातात. सभासदाचं एटीएम कार्ड आणि त्याचा आकडा मदतनीस जवळ ठेवत नाही. सभासदांकडून कुणी उसने घ्यायचे नाहीत, अगदी दहा रुपयेसुद्धा. कुणी जवळ येऊन ‘सांगते, पण कुणाला सांगू नका’ म्हणाली, तर आधी शब्द द्यायचा नाही. तिला म्हणायचं, बाई, तुला कुणी दुखवत असेल तर मला एकीला तरी सांगावं लागेल, आणि कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. आणि ऐकताना आपण पोलीस व्हायचं नाही. ‘त्यानं हात लावला का?’ असं तिच्या तोंडात घालायचं नाही. मग काय झालं, एवढंच. ती जे शब्द वापरेल तेच वहीत लिहायचे, तारीख घालायची.

अंगाच्या अवयवांची नावं शिकवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लाज सभासदांपेक्षा आम्हालाच जास्त होती. पण जिला छाती, जांघ या शब्दांची चोरी आहे, ती पोलिसांना काय सांगणार? दर बैठकीला आम्ही ‘नको’ म्हणायचा खेळ घेतो. चहा हवा? नको. माझ्याबरोबर शेतात येतेस? नको. पेढा देतो, येतेस? इथं नेहमी कुणीतरी हसून ‘हो’ म्हणतं, आणि मग त्यावर बोलणं होतं.

गेल्या महिन्यात गटातली एक जण, वय चौतीस, बैठकीत म्हणाली की निराधारचे पैसे येतात म्हणतात, पण मी माझं पासबुक बघितलेलं नाही. पासबुक घरात एका नातेवाइकाकडे आहे. तोच तिला जेवू घालतो, आजारपणात दवाखान्यात नेतो. आमच्यातली एक लगेच म्हणाली, तहसीलदारांकडे जाऊ. दुसरी म्हणाली, उद्या त्यानं घराबाहेर काढलं तर? अर्धा तास असंच चाललं. मग तिच्यासारखाच सभासद असलेला एक तरुण, जो फार कमी बोलतो, म्हणाला, तिला काय पाहिजे?

ती म्हणाली, भांडण नको. पासबुक बघायचंय. आणि एक साडी, स्वतः दुकानात जाऊन.

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी तिच्याबरोबर बँकेत जाणार आहोत. ती आधार कार्ड शोधून ठेवते म्हणाली आहे. त्या नातेवाइकालाही तिनंच सांगायचं ठरवलंय, आणि सांगताना आमच्यातलं कुणीतरी अंगणात असावं एवढं तिनं मागून घेतलं आहे.